वर्गाआधी पुस्तक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भलीमोठी इमारत, कुलगुरू, परीक्षा, निकाल आणि निकालाला झालेला उशीर. विद्यापीठाचं प्रकाशन खातं किंवा प्रसिद्धी विभाग मात्र सहसा कुणाला आठवत नाही. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या, त्यात न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, आणि टेबलावर कुठल्या तरी विभागाच्या चर्चासत्राची बातमी तयार करत बसलेला एखादा अधिकारी. विभागांनी मजकूर पाठवायचा, इथं तो तपासायचा, छापायचा आणि वर्तमानपत्रांना कळवायचं, असा त्याचा रिवाज. विद्यापीठाच्या पंगतीत हे खातं नेहमी शेवटच्या पानावर.

पण एका विद्यापीठाची जन्मकथा याच्या अगदी उलट आहे. तिथं आधी पुस्तकांचं कार्यालय निघालं आणि वर्ग दोन वर्षांनी भरले. हे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून ही गोष्ट आपल्याही घरातली आहे.

१९१७ साली निजामाच्या दरबारातले अधिकारी अकबर हैदरी यांनी एक निवेदन सादर केलं. देशातल्या विद्यापीठांतून सगळं ज्ञान इंग्रजीतून दिलं जातं, मुलांची निम्मी शक्ती भाषा समजण्यात जाते आणि विषय पाठांतरापुरता उरतो, असा त्याचा मतितार्थ. तेव्हा एक विद्यापीठ असं असावं, जिथं विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं देशी भाषेतून शिकवलं जाईल आणि इंग्रजी ही एक भाषा म्हणून सक्तीची राहील. निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्याच वर्षी मंजुरीचं फर्मान काढलं. माध्यम ठरलं उर्दू. कल्पना धाडसी होती. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांनीही तिचं स्वागत केलं.

पण फर्मान निघालं म्हणून वर्ग कसे भरणार? प्राध्यापक वर्गात जाऊन काय वाचणार? रसायनशास्त्राचं, अर्थशास्त्राचं, उच्च गणिताचं महाविद्यालयीन पुस्तक उर्दूत जवळजवळ नव्हतंच. म्हणून १९१७ मध्येच एक कार्यालय उघडण्यात आलं. त्याचं काम 'तालीफ व तर्जुमा', म्हणजे ग्रंथरचना आणि भाषांतर. लोक त्याला 'दारुल तर्जुमा' म्हणू लागले. तर्जुमा हा शब्द मराठीलाही परका नाही. या तर्जुम्याच्या घराचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक, जे पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले गेले. कार्यालयानं पुस्तकं हाती घेतली आणि २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंटरमिजिएटचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते सव्वादोनशे.

या कार्यालयाची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. विषयाला कोणतं पुस्तक हवं हे ठरलं की ते भाषांतरकाराकडे जाई. भाषांतरकार हौशी नव्हते, पगारी होते. अडणाऱ्या शब्दांसाठी परिभाषा समित्या होत्या. त्यांत दोन प्रकारची माणसं बसत: एक विषयाचे जाणकार आणि दुसरे भाषेचे जाणकार. दोघांचं एकमत होईपर्यंत वाद चाले. मग तयार मजकूर भाषेच्या अंगानं तपासायला 'नाझिर-ए-अदबी' नावाचा अधिकारी असे. धर्माच्या बाबतीत कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून आणखी एक तपासनीस असे. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर मजकूर छापखान्यात जाई. उर्दू लिहायची उजवीकडून डावीकडे आणि गणिताची समीकरणं डावीकडून उजवीकडे, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाताची काय कसरत होत असेल याची कल्पना करून पाहा.

या कार्यालयात नोकरीला कोण कोण होतं? 'उमराव जान अदा' ही कादंबरी लिहिणारे मिर्झा हादी रुसवा तिथं तर्कशास्त्र आणि मानसशास्त्राची पुस्तकं उर्दूत आणत होते. अब्दुल माजिद दरियाबादी काही काळ तिथं होते. कवी जोश मलिहाबादी भाषा तपासण्याच्या जागेवर होते. पुढे निजामाला न रुचलेल्या एका कवितेपायी जोशना १९३४ मध्ये राज्य सोडावं लागलं. कवीला पगार देणारं सरकार त्याच्या कवितेला घाबरतं, हे तेव्हाही खरं होतं.

परिभाषेचा वाद तर ऐकण्यासारखा आहे. एका बाजूचं म्हणणं, नवे शब्द अरबी-फारसीतूनच घडवावेत, म्हणजे भाषेचा डौल राहील. दुसऱ्या बाजूला होते वहीदुद्दीन सलीम. १९२१ साली त्यांनी 'वझ-ए-इस्तिलाहात' हा शब्द घडवण्याच्या शास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. उर्दूचा सांगाडा हिंदुस्थानी आहे, तेव्हा नवे शब्द इथल्याच व्याकरणाच्या साच्यात ओतले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. बर्क म्हणजे वीज, तर विजेचा प्रवाह सोडण्यासाठी सरळ 'बर्काना' असं क्रियापद करायला काय हरकत आहे? मराठीत आपण 'संस्कृत की बोली' असा जो वाद घालत आलो, तोच हा वाद दुसऱ्या लिपीत.

अखेर मधला मार्ग निघाला. मआशियात म्हणजे अर्थशास्त्र, नफ्सियात म्हणजे मानसशास्त्र, नबातियात म्हणजे वनस्पतिशास्त्र अशा शेकडो संज्ञा पाठ्यपुस्तकांतून रुळल्या. तीनशेहून अधिक ग्रंथ या कार्यालयानं सिद्ध केले. वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. राज्याचे शिक्षणप्रमुख सय्यद रॉस मसूद यांनी जपानचा दौरा करून तिथल्या शिक्षणपद्धतीवर १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. स्वतःची भाषा न सोडता जपाननं आधुनिक विद्या कशी आत्मसात केली, हे त्यांना पाहायचं होतं.

आता मराठवाड्याकडे येऊ. अब्दुल हक यांचं खरं कार्यक्षेत्र औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. ते तिथं शिक्षण खात्यात होते, पुढे तिथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचं मुख्य कार्यालय त्यांनी तिथं चालवलं, १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक तिथून काढलं, आणि १९३७ चा त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोशही तिथूनच प्रसिद्ध झाला. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाबद्दल त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. इकडे पुण्याच्या बाजूला माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये निघाला होता. दोन माणसं एकाच विहिरीत दोन बाजूंनी पोहरा सोडत होती.

अब्दुल हक यांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रांत एक व्यक्तिचित्र बीबी का मकबऱ्याच्या बागेतल्या माळ्याचं आहे. त्याचं नाव नामदेव. दलित समाजातला हा माणूस रोपांना लेकरांसारखं जपायचा. कामात इतका गढलेला, की मधमाश्यांचं मोहोळ उठलं तेव्हा बाकीचे पळाले, याला भानच नव्हतं, आणि त्यातच तो गेला. नवाब आणि विद्वानांच्या ओळीत या थोर पंडितानं नामदेव माळ्याला बसवलं. उर्दू वाचणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी हा धडा शाळेत वाचला. मराठी वाचकांना मात्र तो फारसा माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण श्रोतेहो, याच ठिकाणी मला एक प्रश्न अडवतो. या नामदेव माळ्याचा मुलगा शिकायला गेला असता, तर दारुल तर्जुमाची पुस्तकं त्याच्या कामाची होती का?

हैदराबाद राज्यात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारा, त्यानंतर कानडी. उर्दू ज्यांच्या घरची भाषा होती ते दहा-बारा टक्के. उस्मानियात मराठी, तेलुगू, कानडी हे विषय शिकवले जात, पण ज्ञानाची भाषा उर्दूच. म्हणजे 'परकी भाषा नको' म्हणून जे विद्यापीठ उभं राहिलं, त्यानं राज्यातल्या बहुसंख्य मुलांच्या पुढ्यात दुसरी परकी भाषा ठेवली. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. माझ्या घरात दखनी, अंगणात मराठी. दोन्ही माझ्या आहेत, म्हणूनच हे स्पष्ट सांगतो: मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व सोळा आणे खरं होतं, पण मातृभाषा कुणाची, हे विचारलं गेलं नाही. १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. त्या असंतोषाची मुळं राजकीय होती, पण भाषेची ठसठसही त्यात होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं. त्यानंतर उस्मानियाचं माध्यम बदललं. पण उर्दूच्या जागी तेलुगू, मराठी किंवा कानडी आली का? नाही. आली इंग्रजी. तीस वर्षं घासून-पुसून तयार झालेली परिभाषा, ते ग्रंथ, ती तपासणीची शिस्त, सगळं कपाटात गेलं. जो प्रश्न सोडवण्यासाठी १९१७ मध्ये खटाटोप झाला, त्याच जागी आपण परत येऊन उभे राहिलो.

माझे आजोबा त्या राजवटीत उर्दूतून मॅट्रिक झालेले. मी शाळेत भूमिती शिकत होतो तेव्हा ते शेजारी बसत. मी म्हणायचो त्रिकोण, ते म्हणायचे मुसल्लस. मी म्हणायचो काटकोन, ते म्हणायचे झाविया-ए-कायमा. प्रमेय दोघांचं एकच, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. पण गावात त्यांना कुणी शिकलेला म्हणत नसे. 'उर्दू शिकलेत' एवढंच म्हणत. भाषा खालसा झाली की तिच्यातून मिळवलेली विद्याही खालसा होते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

आता आपल्या राज्याचं पाहू. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं. पदनाम कोश आले, शास्त्रवार परिभाषा कोश आले. १९६८ मध्ये केंद्र सरकारनं विद्यापीठीय पुस्तकं प्रादेशिक भाषांत यावीत म्हणून प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांची योजना आखली. त्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं. जाणकार प्राध्यापकांनी मेहनतीनं ग्रंथ लिहिले. पण विज्ञानाचे वर्ग इंग्रजीतच राहिले, आणि ते ग्रंथ ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर गेले.

दोन्हींत फरक काय? पैशाचा म्हणावा तर पैसा आपल्याकडेही होता. विद्वत्तेचा तर मुळीच नाही. फरक एवढाच, की उस्मानियात वर्ग पुस्तकाची वाट पाहत होता आणि आपल्याकडे पुस्तक वर्गाची वाट पाहत राहिलं. तिथं अमुक महिन्यात शिकवायला सुरुवात होणार, तर त्याआधी पुस्तक हातात हवं, अशी घाई कार्यालयाच्या मानेवर बसलेली होती. शब्द वर्गात वापरला जाई, अडला तर कुरकुर होई, आणि वापरून वापरून तो गुळगुळीत होई. न वापरलेला शब्द कितीही शुद्ध असला तरी नव्या चपलेसारखा चावतच राहतो.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. २०२१ मध्ये अभियांत्रिकी मराठीसह आठ भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी मिळाली. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पुस्तकं निघाली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्रत्येक वेळी सत्कार झाले, ठळक मथळे आले. देशी भाषेतून डॉक्टर घडवणं कसं नवं आहे, असंही बोललं गेलं. ते नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी, किंबहुना आपल्याच तत्कालीन राजधानीत ते घडून गेलं आहे. त्याच्या यशातून शिकावं आणि त्याच्या चुकीतूनही.

यश असं, की त्यांनी प्रकाशनाच्या खात्याला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं नाही. पगारी भाषांतरकार, विषयाचा आणि भाषेचा जाणकार एका टेबलाशी, आणि वर्गाशी बांधलेली मुदत, या तीन गोष्टींवर ते घर उभं होतं. आणि चूक अशी, की ज्याच्यासाठी पुस्तक काढायचं, त्याला त्याची भाषा विचारली नाही. आज मराठीतून शिक्षण म्हणताना गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांकडे आपण कसं पाहतो? तिथं आपणही त्या काळच्या दरबारासारखेच तर वागत नाही ना?

विद्यापीठं आपापल्या प्रसिद्धी विभागातून दर आठवड्याला बातम्या देतात. अमुक पाहुणे आले, तमुक करार झाला. त्या बातम्या असाव्यात. पण आमच्या पदार्थविज्ञान विभागानं यंदा मराठीत एक पुस्तक सिद्ध केलं आणि येत्या जूनपासून ते वर्गात लागणार, अशी बातमी जेव्हा त्या दोन खोल्यांतून येईल, तेव्हा तिला पहिल्या पानावर जागा द्यायला कुणाची ना असणार नाही.