गिरणगावचा कवी : नारायण गंगाराम सुर्वे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. यंदा संपादक मंडळाने आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा आम्ही अशा एका पुरुषाचे नाव सुचविले की, ज्याची जन्मजात कोणती हे त्याला स्वतःलाही कधी समजले नाही. एकदोन सभासदांनी शंका काढली की, ज्ञातीच्या अंकात ज्ञातीबाहेरचा मनुष्य कशासाठी? आमचे उत्तर सरळ होते. आपल्यापैकी कितीतरी घरांतील चूल गिरणीच्या पगारावर पेटत आली. त्या गिरणीच्या भोंग्याला मराठी कवितेत ज्याने जागा करून दिली, तो परका कसा म्हणावा? संपादकांनी ते मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा.

मुंबईत ताडदेव येथे पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढील अर्धशतकात लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या भागात धुराड्यांचे एक नवे नगरच उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. एकेका खोलीत पाळीपाळीने निजू लागली. दिवसपाळीचा कामगार उठला की त्याच्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन पडे. अशा वस्तीत १९२६ च्या सुमारास रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारास सापडले. त्याने ते उचलून घरी नेले. त्याची पत्नी काशीबाई, हीही गिरणीतच राबणारी. या जोडप्याने त्या पोरास नारायण हे नाव दिले, आपले आडनाव दिले, आणि शाळेत घातले.

ही शाळेची गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष जाणवते. आम्ही उण्यापुऱ्या तेहेतीस वर्षांत जनरल रजिस्टरात हजारो नोंदी केल्या. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जात, जन्मतारीख. रकाना रिकामा ठेवणे म्हणजे वरिष्ठांच्या तपासणीत शेरा ओढवून घेणे. गंगारामासारख्या मनुष्याने स्वतःचे नाव पुढे केले नसते, तर या मुलाचे एकाहून अधिक रकाने कोरे राहिले असते, आणि कोऱ्या रकान्याचे मूल शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहते, हे आम्ही पाहिले आहे.

शिक्षण मात्र चौथीच्या पुढे गेले नाही. १९३६ साली गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी परतला, आणि दहा वर्षांचा नारायण मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या, दूध पोचविणारा, हमाल, असे करीत करीत तो गिरणीत डॉफर झाला. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नसेल. साच्यावरील भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या चढविणारा तो डॉफर. हे काम चपळ बोटांच्या पोरांचे समजले जाई. कापसाचा तंतू नाकातोंडात जात असे, आणि साच्यांच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. सुर्व्यांची कविता पुढे वाचकाशी थेट समोर उभे राहून बोलते. ही सवय साच्याजवळचीच असावी, असा आमचा तर्क आहे.

त्या काळी गिरणगावात लाल बावट्याचा जोर होता. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन पुढे आली होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि पोवाडा व लावणी ही चाळीच्या मैदानात कामगारांची झाली. सुर्वे या चळवळीत कार्यकर्ते म्हणून वाढले. त्यांनीही गाणी लिहिली. ‘डोंगरी शेत माझं गं’ हे त्यांचे गाणे महाराष्ट्रभर गाइले गेले. गाणाऱ्या पुष्कळांना ते कोणाचे हे माहीतही नसे.

आता या मंडळींच्या राजकीय निराशेविषयी दोन शब्द. १९४७ साली स्वातंत्र्य आले. चाळीतील खोली तेवढीच राहिली. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, आणि त्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसे बळी गेली. त्यांत कष्टकरी पुष्कळ होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, हा आनंद थोर होताच. पण राज्य ज्यांनी रक्त सांडून आणले त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न गिरणगावात कुजबुजला जात असे. पुढे १९६४ साली खुद्द कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. आजवर एका झेंड्याखाली घोषणा देणारे शेजारी एकमेकांकडे पाठ फिरवून बसले. ज्याने आपले सारे तारुण्य एका ध्येयास वाहिले, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल ते सुज्ञ वाचकांनी ताडावे.

कामगार लेखकाची ओढाताण दुहेरी असते. चळवळीस घोषणा हवी असते, आणि ती उद्याच्या सभेपूर्वी हवी असते. उलट पांढरपेशा वाङ्मयसृष्टी त्याची वृत्ते तपासते, भाषा रांगडी ठरविते. सुर्व्यांनी या दोहोंतून वाट काढली ती बोलण्याच्या भाषेची. ‘कार्ल मार्क्स’ ही त्यांची कविता पाहावी. तीत मार्क्स ग्रंथातला महापुरुष म्हणून येत नाही. संपाच्या धामधुमीत सहज गाठ पडलेला कोणी जुना ओळखीचा असावा तसा तो येतो. घोषणेतून मनुष्य वगळला जातो. येथे मनुष्य आधी भेटतो. आमच्या मते सुर्व्यांचे मोठे यश हेच. त्यांच्या सर्वच कविता या उंचीच्या आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काहींत सभेचा आवाज उरला आहे.

महानगरपालिकेच्या शाळेत ते शिपाई म्हणून लागले. घंटा वाजविणे, फळा पुसणे, वर्गात सूचनेची वही फिरविणे, ही कामे करीत त्यांनी सातवीची परीक्षा दिली, आणि १९६१ साली त्याच सेवेत ते शिक्षक झाले. वय पस्तीस. लागलीच १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला, १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’, १९७५ साली ‘जाहीरनामा’. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या मनुष्याने पुस्तकास विद्यापीठ हे नाव द्यावे, यात थोडी थट्टाही आहे. घरी आणि वस्तीत त्यांस सारे ‘मास्तर’ म्हणत. पत्नी कृष्णाबाईंनी आपल्या आत्मकथनास ‘मास्तरांची सावली’ असे नाव दिले. घरात लिहिणारा एक असला तरी त्या लिहिण्याची किंमत सर्वांना मोजावी लागते, हे ज्यांस समजून घ्यावयाचे असेल त्या भगिनींनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता आम्हांस सर्वांत जवळची. एक वेश्या आपल्या मुलास शाळेत घालावयास येते. बापाच्या नावाचा रकाना आला की, ती मास्तरांनाच त्यांचे स्वतःचे नाव लिहावयास सांगते. कवितेचे शीर्षक ते हेच. गंगारामाने न सांगता जे केले, तेच ही बाई मागते आहे. आम्ही शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात ही कविता वाचली, तेव्हा नेहमी विनोद करणारे सहकारी खाली मान घालून बसले होते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय घेतला. ती बाई त्या कवितेतून मास्तरांसमोर उभी राहिली, त्यास तोवर कित्येक दशके लोटली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, आणि त्यांतील असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. आपल्या समाजातील किती कुटुंबे तेव्हा गावाकडे परतली, त्याची आठवण या अंकाच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. सुर्व्यांच्या निवडक कवितांचा ‘सनद’ हा संग्रह त्याच वर्षीचा. गिरण्यांच्या जागी पुढे उंच इमारती व मोठाली दुकाने आली. कवितेतील भोंगा तेवढा शिल्लक राहिला.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि ज्यांनी एके काळी भाषा तपासली होती त्या वर्तुळासमोर डॉफर पोराने अध्यक्षीय भाषण केले. १९९८ साली पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचे निधन झाले. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला, त्यास ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असे पुरते नाव दिले आहे. पडद्यावर ती तीन नावे येतात, आणि रस्त्यावरचे मूल उचलणाऱ्या त्या गिरणी कामगाराचे नाव त्यांत मधोमध असते.