थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइड

गॅमा किरण मोजण्यासाठी वापरला जाणारा हा स्फटिक सोडियम आयोडाइडचा. त्यात थॅलियम अगदी किंचित मिसळलेले असते. गॅमा किरण आत शोषला गेला की निळसर प्रकाश क्षणभर चमकतो, आणि त्याची तीव्रता किरणाच्या ऊर्जेच्या जवळपास प्रमाणात असते. त्यामुळे नुसती मोजणी होत नाही, तर किरण कोणत्या समस्थानिकाचा हेही ओळखता येते. गायगर नळीला ते जमत नाही. खोड एकच, पण मोठी : हवेतली ओल लागली की स्फटिक खराब होतो, म्हणून तो हवाबंद धातूच्या डबीत, एका बाजूला काच लावून ठेवतात. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८मध्ये तो पुढे आणला. १९६१चे नोबेल मात्र त्यांना वेगळ्याच कामासाठी मिळाले. रुग्णालयांतील बहुतेक गॅमा कॅमेऱ्यांत आजही हाच स्फटिक असतो.