पिवळी भिंत की निळी?



चातुर्मासाच्या आत सासूबाईंची खोली रंगवून घ्यायची होती. आता तिथे मी सामायिकाला बसते. शेडकार्ड चाळता चाळता दोनच रंग उरले, फिकट पिवळा आणि फिकट निळा. मला निळा हवा होता. पण या घरात भिंतीला निळा कधी लागलाच नाही. चुन्यात पिवडी घातलेली सासूबाईंना चालायची, नीळ मात्र नाही. "आपल्यात नीळ चालत नाही," एवढंच म्हणायच्या. मी बी.कॉम. झालेली, मला तो हट्ट वाटे.

कारण फार उशिरा सापडलं. श्रावकाने टाळायचे १५ धंदे, म्हणजे कर्मादानं, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आहेत. त्यात लाखेच्या व्यापारात निळीचंही नाव येतं. निळीची झाडं हौदात कुजवायची, मग ते पाणी घुसळायचं. किती जीव जात असतील! पुढे तर माणसंही भरडली गेली. १८५९ मध्ये बंगालचे शेतकरी निळीच्या सक्तीविरुद्ध उठले. चंपारणमध्ये बिघ्याच्या २० कट्ठ्यांपैकी ३ कट्ठ्यांत नीळ लावावीच लागे. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते याचसाठी.

मग पिवळा निर्दोष का? पिवडी ही माती, तिचं ठीक. पण चित्रकारांचा 'पिउरी' नावाचा पिवळा मुंगेरजवळ गोमूत्रापासून करत. त्या गाईंना आंब्याची पानं आणि पाणी एवढंच देत. त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी १८८३ मध्ये हे लिहिलं तेव्हा त्या गाई खंगलेल्या दिसत होत्या. वाचून जेवण गेलं नाही मला.

आणि गंमत म्हणजे चुन्यात घालायची ती नीळ झाडाची नव्हतीच! कपड्यांना घालतो तीच पूड, चिनी माती, सोडा, गंधक भट्टीत तापवून केलेली. फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास तिची कृती निघाली. म्हणजे सासूबाईंचा नियम खरा, लावला मात्र भलत्याच पुडीला. त्यांना हे सांगायला हवं होतं. म्हणाल्या असत्या, "नाव तर नीळच ना गं?"

हिशोबाने निळ्याला हरकत उरली नव्हती. तरी मी पिवळाच सांगितला. खिडकीला शेजारची इमारत खेटलेली आहे, निळ्यात खोली दुपारीही अंधारी दिसली असती. मुलाला हेच कारण दिलं. कपाटामागे त्यांच्या वेळची पिवडी अजून आहे. ती खरवडू नको, असं रंगाऱ्याला बजावलंय.