हलकी खिचडी, जड खिचडी : डाळीचं माप कसं घसरलं?

"डॉक्टर, रात्री मी फक्त खिचडी खाते. हलकं जेवण!" दवाखान्यात हे वाक्य मी सतत ऐकतो. मागे एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या एक काकू आल्या होत्या. सहा महिन्यांत वजन चार किलोनं उतरलं होतं आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागत होता. तपासण्या केल्या, त्यांत काही मोठं निघालं नाही. मग विचारलं, "काकू, खिचडीत डाळ किती घालता?" म्हणाल्या, "वाटीभर तांदळाला एक मूठ." आणि हीच खिचडी त्या दोन्ही वेळा खात होत्या.

आपण खिचडीला आजारी माणसाचं जेवण समजतो. तिचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

चौदाव्या शतकात मोरोक्कोहून भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानं लिहून ठेवलं आहे की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात आणि हीच त्यांची रोजची न्याहारी असते. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या आला. त्याला सैनिक आणि गरीब लोक वितळलेल्या लोण्यातुपाबरोबर खिचडी खाताना दिसले. म्हणजे हे दिवसभर राबणाऱ्यांचं जेवण होतं. राजवाड्यातही तिला मान होता. गुजरातच्या मुक्कामात जहांगीर बादशहानं बाजरीची खिचडी चाखली. ती त्याला इतकी आवडली की मांस न खाण्याच्या दिवशी ती वाढत जा, असं त्यानं फर्मावलं.

अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात तर खिचडीचं मापच दिलं आहे : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर! तुपाचं माप आज कोणी पाळू नये. पण तांदूळ आणि डाळ समसमान आहेत, हे लक्षात ठेवा.

आयुर्वेद काय म्हणतो? सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात खिचडीला 'कृशरा' म्हटलं आहे : तांदूळ, डाळ, मीठ, आलं आणि हिंग घालून शिजवलेली. तिचे गुण सांगताना ती बल देणारी, पण पचायला जड असल्याचं नोंदवलं आहे. आजाऱ्यासाठी आपल्याकडे मंड, पेया, पेज असे वेगळे पातळ पदार्थ होते. खिचडी हे धडधाकट माणसाचं पोटभर अन्न होतं.

मग ती 'हलकी' कशी झाली? एक कारण बाजारात सापडतं. हरितक्रांतीत गहू आणि तांदळाला सुधारित बियाणं, पाणी, हमीभावानं सरकारी खरेदी आणि रेशनचं दुकान मिळालं. कडधान्यं बरीचशी कोरडवाहू जमिनीवरच राहिली. लोकसंख्या वाढली, डाळ त्या वेगानं वाढली नाही. १९६१ साली देशात माणशी दररोज सुमारे ६९ ग्रॅम डाळ-कडधान्य उपलब्ध होतं. २००१ साली ते ३० ग्रॅमवर आलं. पुढे त्यात थोडी सुधारणा झाली. डाळ महागली की गृहिणी काय करणार? तांदूळ तेवढाच ठेवून डाळीची मूठ आवळणार. शाळेतल्या पोषण आहारातही प्राथमिकच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्याला २० ग्रॅम डाळ असं प्रमाण ठरलं, म्हणजे पाचास एक. सवय अशीच पिढ्यांत उतरते.

याचा शरीराशी संबंध सरळ आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणून ही जोडी चांगली. पण जोडीदार पुरेसा हवा ना! ६० ग्रॅम तांदूळ आणि १५ ग्रॅम मूगडाळ घेतली तर प्रथिनं मिळतात जेमतेम ८ ग्रॅम. दोन्ही ४०-४० ग्रॅम घेतले तर मिळतात सुमारे १२ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत की उतारवयात स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडतं. त्या काकूंचं जेवण हलकं नव्हतं, अपुरं होतं.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. भरपूर तांदळाची, मऊ गुरगुटी खिचडी लवकर पचते आणि साखर झपाट्यानं वाढवते. "मी तर फक्त खिचडी खाल्ली" म्हणणाऱ्यांची जेवणानंतरची साखर वाढलेली मी नेहमी पाहतो.

तेव्हा कुकर लावताना एवढं करा :

- तांदूळ आणि डाळ समान मापानं घ्या. सालीची मूगडाळ असेल तर उत्तम.
- दुधी, गाजर, मटार, पालक, शेवग्याची पानं, जे घरात असेल ते त्याच भांड्यात घाला.
- वाढताना एक चमचा तूप आणि वर लिंबू पिळा.
- सोबत वाटीभर दही किंवा खात असाल तर एक उकडलेलं अंडं घ्या. रक्तदाब असेल तर पापड-लोणचं जपून.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि कारण नसताना वजन उतरत असेल तर नुसती खिचडी बदलून थांबू नका, आधी तपासणी करून घ्या.

काकूंनी डाळीचं माप वाढवलं, सकाळी अंडं सुरू केलं, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज केला. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा हाताचा आधार न घेता उठल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता खिचडी जरा जड लागते हो." मी म्हटलं, "काकू, ती पूर्वीपासून जडच होती!"