दारावरची खूण

३ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी देशातील चाळीसहून अधिक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची बैठक घेतली. कोविड लसीकरणात मागे पडलेले हे जिल्हे. पात्र लोकांपैकी निम्म्यांनाही पहिली मात्रा मिळालेली नाही, असे महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्या वेळी चर्चेत होते आणि त्यांत हिंगोली होता. त्याच महिन्यात ‘हर घर दस्तक’ ही मोहीम सुरू झाली. दस्तक म्हणजे दारावरची थाप. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दिवाळी होती आणि त्या वर्षीचा ऊस गाळप हंगाम १५ ऑक्टोबरलाच सुरू झाला होता. मराठवाड्याचे वर्ष कसे जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की अस्वस्थ वाटते. दिवाळीच्या आगेमागेच सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची कित्येक दारे कुलूपबंद होतात. थाप मारायला यंत्रणा येते, तेव्हा घरात एखादी म्हातारी असते, किंवा तीही नसते.

हिंगोलीचा आकडा केवळ स्थलांतरामुळे खाली होता, असा दावा येथे करायचा नाही. अफवा होत्या, अंतरे होती, मे २०२१ मध्ये तरुणांसाठी सक्तीची केलेली ऑनलाइन नोंदणीही होती. मला त्या मोहिमेच्या नावाचे कुतूहल आहे. लस देणारी यंत्रणा माणूस शोधताना आधी घर का शोधते?

या सवयीचा एक जुना धागा आपल्याकडे प्लेगपर्यंत जातो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्यानंतर पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोगी दवाखान्यात, नातलग विलगीकरणाच्या छावणीत, सामान रस्त्यावर. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ज्यांच्या घरावर ती होती त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती; अर्थ मात्र सर्वांना कळत होता. रोगाच्या भीतीत झडतीची भीती मिसळली आणि माणसे आजारी माणसाला लपवू लागली, नाहीतर त्याला घेऊन गाव सोडू लागली. पुण्याबाहेरच्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांनी उघडलेल्या दवाखान्यात सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या उपचारांमागे झडती नव्हती, एवढे येथे लक्षात ठेवावे.

याच काळात, याच मुंबईत लस तयार झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस स्वेच्छेने घ्यावी, असा हाफकिन यांचा आग्रह होता. परंतु सरकारी प्लेगनीतीच्या चौकटीत स्वेच्छा कितपत स्वेच्छा राहते? टोचून घेतल्याचा दाखला जवळ असेल त्याला विलगीकरणातून सवलत मिळू लागली. म्हणजे छावणी टाळण्यासाठी दंड पुढे करायचा. १८९८ मध्ये हुबळीसारख्या ठिकाणी हजारोंनी लस घेतली. त्यांतल्या किती जणांचा लसीवर विश्वास बसला होता आणि किती जणांना फक्त छावणी नको होती, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय या लसीने चांगलाच ताप येई, आणि हातावर पोट असणाऱ्याला तापाचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित बाटलीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

या संस्थेतूनच पुढे पोलिओचे थेंब देशभर गेले. पल्स पोलिओची पहिली फेरी ९ डिसेंबर १९९५ रोजी आणि दुसरी २० जानेवारी १९९६ रोजी झाली. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. घरोघर जाणारी पथके दारावर खडूने खूण करीत: सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी ‘पी’, कुणी राहिले असेल तर फुली. खडू धरणारी आपल्याच गावची ताई असे आणि पावसाने खूण धुऊन जाई, त्यामुळे प्लेगच्या रंगाशी तिची बरोबरी करू नये. तरीही हिशेब घराचाच होता. मूल साताऱ्या-सांगलीच्या फडात आणि फुली हिंगोलीच्या कुलपाशेजारी.

फडावर घर असते ते कोपीचे. बांबू, पाचट, ताडपत्री. एका नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत नोंद कोयत्याची असते, मुलांची नसते. उचल घेतलेली असते, म्हणून एक दिवस कामावर गेले नाही की खाडा लागतो आणि त्याचा भुर्दंड बसतो. अशा आईला लसीनंतर मुलाला ताप येईल, काळजी करू नका, असे सांगणे सोपे आहे. काळजी तापाची नसतेच, खाड्याची असते. शतकापूर्वीच्या मजुराचे गणित याहून निराळे नव्हते.

पोलिओच्या यंत्रणेने हे हळूहळू ओळखले, आणि माझ्या मते तिचे खरे यश येथे आहे. वीटभट्ट्या, बांधकामे, उसाचे फड, भटक्यांचे तळ यांची वेगळी यादी झाली. बसस्थानके व रेल्वे फलाटांवर पथके उभी राहिली. मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईचा ठिपका आला. हा ठिपका मुलाबरोबर फिरतो. फलाटावरच्या कार्यकर्तीला मुलाचे गाव विचारावे लागत नाही, करंगळी पाहिली की पुरते. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

हे शहाणपण दुसऱ्या लसीकडे आपोआप गेले नाही. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले, तेव्हा ते कोण, किती, कुठले, हे राज्याला नीट कळले. तरी २०२१ मध्ये कोविडची लस आली ती ओळखपत्र आणि मोबाइल मागतच. ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राची स्वतंत्र कार्यपद्धती मे महिन्यात निघाली. तिच्या यादीत भटके, साधू, कैदी, भिकारी, पुनर्वसन छावण्यांतील रहिवासी अशी माणसे एका ओळीत बसवलेली आहेत. घर नसणे एवढेच त्यांच्यात समान. ऊसतोड कामगार या यादीतही चपखल बसत नाही, कारण त्याला घर आहे, आधार कार्ड आहे, गावच्या मतदारयादीत नाव आहे. सहा महिने फक्त तो तेथे नसतो.