समुद्र नसलेल्या गावाची जहाजे : कराड, चिपळूण आणि दाभोळ

१/ जहाजांच्या इतिहासात सोपारा, चौल, दाभोळ, विजयदुर्ग ही नावे ओघाने येतात. कराडचे नाव त्यांत कोणी घेत नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील हे नगर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही अरबी समुद्रातील जहाजांशी कराडचा संबंध सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्या संबंधाचा हा धागा.

२/ दोन नद्या असताना कराडचा माल नदीने का गेला नाही? कृष्णा पूर्वेकडे वाहते आणि सुमारे १,४०० किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतो, उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडतात. त्यामुळे इथली नाव मुख्यतः या तीरावरून त्या तीरावर नेणारी राहिली. दोन होड्या किंवा सुके भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला ‘सांगड’ म्हणत. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यातलाच.

३/ कराडचा समुद्र पश्चिमेला होता. कराडहून पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून वाशिष्ठीच्या खाडीने होड्या दाभोळला जात आणि दाभोळला खुला समुद्र लागे. कराडच्या व्यापाराची सांगड कोकणाशी घालणारी ही वाट होती.

४/ या नगराचे प्राचीन नाव करहाटक. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, ‘करहकट’ येथील निगमाने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. निगम म्हणजे व्यापारी नगर किंवा तेथील व्यापाऱ्यांचा समुदाय. हे करहकट म्हणजे कराड, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. जखिणवाडीजवळच्या आगाशिव डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी खोदण्याइतकी संपत्ती या परिसरात होती.

५/ अधिक बोलका पुरावा समुद्रकाठी आहे. रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीजवळ कुडा लेणी आहेत. याच खाडीच्या मुखाशी पुढे जंजिरा उभा राहिला. तिथल्या एका लेखात लेण्याचा दाता म्हणून करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याची नोंद आहे. घाटावरचा एक वाणी खाडीकाठी लेणे दान देतो, यावरून त्याच्या व्यवहाराची दिशा समजते.

६/ गंमत अशी, की त्या काळी अरबी समुद्रातील अनेक जहाजांच्या बांधणीत लोखंडी खिळे नसत. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या जात आणि सांधे बुजवले जात. शिवलेले जहाज लवचिक असे. वाळूवर टेकले किंवा लाटेत पिळवटले, तरी ते सहज तडकत नसे. पण लाकूड तासायला आणि भोके पाडायला वाकस, करवत, सामता ही लोखंडी हत्यारे लागतच.

७/ याच काळात ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ लिहिला गेला. त्यात कल्याण, चौल यांसारख्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे येतात. पैठण आणि तेरहून माल गाड्यांतून भडोचला जाई, असेही तो सांगतो. म्हणजे परदेशी खलाशालाही बंदरामागचा मुलूख ठाऊक होता. कराडच्या दक्षिणेला कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. समुद्राचा देवही घाट चढून आला होता.

८/ हा व्यापार वाऱ्यावर चाले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर जहाजे इकडे येत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर परतत. ऐन पावसाळ्यात मात्र कोकणातली गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. त्याच महिन्यांत कुंभार्लीसारख्या घाटवाटा निसरड्या होत आणि बैलांचे तांडे थांबत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होई आणि दसऱ्यानंतर घाट. जहाज आणि बैल एकाच पंचांगाने चालत.

९/ प्रमाणाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. एका बैलाच्या पाठीवर साधारण सव्वाशे किलो ओझे धरले, तर ५० टनांचे गलबत भरायला ४०० बैल लागतात. घाटावरून गूळ, मिरची, हळद उतरे. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी चढे. बंदरात उभ्या एका गलबतामागे अशी बैलांची लांबच लांब रांग असे. चित्रांत मात्र गलबतच येते.

१०/ बहमनी काळात दाभोळ भरभराटीला आले. अरबस्तान आणि इराणहून आलेले घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जात. रशियन प्रवासी अफानासी निकितिन याच बंदरातून परतीला निघाला. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडाने दाभोळ जाळले. खिळ्यांनी जोडलेल्या भक्कम पोर्तुगीज जहाजांवर जड तोफा होत्या. शिवलेल्या जहाजाला तोफेचा धक्का पेलणे अवघड होते. पुढे पश्चिम किनाऱ्यावरही खिळ्यांची बांधणी रूढ झाली.

११/ घाटावरच्या सरदारांनाही जहाजांचे मोल कळत होते. वाईचा सुभेदार अफझलखान याची स्वतःची जहाजे दाभोळला होती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी तो प्रतापगडाखाली मारला गेला. मराठे सातारा-कराडच्या मुलुखातून २८ नोव्हेंबरला पन्हाळ्यावर पोहोचले आणि दुसरी फौज कोकणात उतरली, तेव्हा ती जहाजे राजापूरकडे पळवण्यात आली. घाटावर पडलेल्या सरदाराची मालमत्ता समुद्रात शोधावी लागली.

१२/ शिवाजी महाराजांचे आरमार कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर उभे राहू लागले. त्याची मुख्य जहाजे गुराब आणि गलबत. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे ३०० टनांपर्यंत असे. गलबत लहान, बहुधा ७० टनांच्या आत, आणि वारा पडला तर वल्ह्यांवर चाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराला लाकूड हवे, पण रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, अशी त्यातली सक्त ताकीद आहे. जहाजाचा भार अखेर कोणावर पडतो, याची ती जाण होती.

१३/ ही सांगड सुटली ती लढाईने नव्हे. एकोणिसाव्या शतकात आगबोट आली. तिला वाऱ्याची गरज नव्हती, मोठे आणि खोल बंदर मात्र हवे होते. वाशिष्ठीसारख्या खाड्या मागे पडल्या आणि मुंबई वाढली. १८८० च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग बांधला जाऊ लागला. कराडच्या मालाला घाट न उतरता थेट मुंबई गाठता येऊ लागली. कराड-चिपळूण लोहमार्गाची चर्चा पुष्कळ झाली, पण रूळ पडले नाहीत.

१४/ नावा मात्र संपल्या नाहीत. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्यातली जुनी गावे आणि रस्ते बुडवले. बामणोली-तापोळा भागात जलाशयापलीकडे जाण्यासाठी लाँच ही रोजची गरज झाली. जिथे पूर्वी पायवाट होती, तिथे आता बोट चालते.

१५/ शेवटी एक भौगोलिक वस्तुस्थिती. १९६० च्या दशकापासून कोयनेचे पुष्कळसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे सोडले जाते. वीज तयार झाली, की ते वाशिष्ठीत मिळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या समुद्रात जाते. महिकाचे नाव कुड्याच्या दगडावर राहिले. ज्यांनी ती जहाजे भरली, त्या बैलवाल्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. बंदराचा इतिहास वाचताना त्याच्या पाठीमागचा घाटही वाचावा, तो यासाठीच.