साइन पाय म्हणजे शून्यच ना?

मंडळी, माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण जीव अडकलाय जुन्या कॅल्क्युलेटरांत. आज त्यांच्या त्रिकोणमितीविषयी.

१९७२ साली एचपी-३५ आला, किंमत ३९५ डॉलर. त्यातला सगळा प्रोग्रॅम अवघ्या ७६८ सूचनांचा! एवढ्यात साइन, कॉस, टॅन बसवायचे कसे? डेव्हिड कॉक्रन यांनी कॉर्डिकची वाट धरली. जॅक व्होल्डर यांनी १९५० च्या दशकात बी-५८ बॉम्बरच्या दिशादर्शक संगणकासाठी शोधलेली ही पद्धत. कोन ठरावीक छोट्या कोनांत फोडायचा आणि बेरीज, वजाबाकी, अंक सरकवणं एवढ्यावर भागवायचं. झकास!

मग १९७४ मध्ये प्रोग्रॅम करता येणारा एचपी-६५ आला. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत तो अंतराळातही गेला. आणि इथेच खरी मेख आहे. हाताने गणित करताना प्रत्येक पायरी डोळ्यांखालून जाते. प्रोग्रॅमच्या पायऱ्या मात्र आतल्या आत उरकतात, दिसतं ते फक्त उत्तर. म्हणजे भरवसा ठेवायचा तो शेवटच्या अंकावर!

आता गंमत बघा. एचपी-१५सी (१९८२) रेडियनमध्ये ठेवा आणि पायचा साइन काढा. शून्य नाही, उणे ०.०००००००००४१ येतं. बग? छे! यंत्राकडचा पाय म्हणजे ३.१४१५९२६५४, खऱ्या पायपेक्षा साधारण तेवढ्यानेच मोठा. त्या आकड्याचा साइन यंत्राने चोख सांगितला. उगाच शून्य दाखवलं असतं तर ती थाप झाली असती.

दुसरी परीक्षा: ९ अंशांचा साइन, त्याचा कॉस, त्याचा टॅन, मग उलट क्रमाने परत. यायला हवेत ९. १५सी देतो ९.०००४१७४०३. कारण मधला कॉस ०.९९९९९६२७ च्या आसपास असतो. दहा अंकांतल्या पाच जागा नुसते नऊच अडवतात, कोनाची माहिती उरलेल्या पाचांत कोंबावी लागते. प्रत्येक पायरी दहा अंकांपर्यंत बिनचूक असूनही शेवट हुकतो!

म्हणजे फंक्शन अचूक असणं वेगळं आणि उत्तर अचूक असणं वेगळं. पहिली जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची, दुसरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, म्हणजे तुमची-आमची. पटत नसेल तर पायथनला पायचा साइन विचारून बघा. तिथेही शून्य येत नाही. असो.